खंबाटकी चढताना चेक इंजिनची लाइट लुकलुकते: ओटू सेन्सर बदलू की आधी दुसरं काही बघू?

कृष्णाकाठ_वाई

नमस्कार. गाडी २०११ ची, एमएच-११ पासिंग, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल हॅचबॅक. सीएनजी बसवलेला नाही. ८६ हजार किलोमीटर झालेत. मी शाळेत शिकवते, वाई-सातारा रोजचं येणं-जाणं आणि अधूनमधून लेकीकडे पुण्याला.

परवा पुण्याहून परतताना खंडाळा सोडलं आणि खंबाटकी चढायला लागले. तिसऱ्या गिअरमध्ये जरा रेस दिली की गाडी झटके खायची आणि डॅशबोर्डवरची पिवळी इंजिनची लाइट लुकलुकायची. मागे कंटेनर, बाजूला घ्यायला जागा नाही. पाय हलका ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये घाट काढला. वेळ्याकडे उतरल्यावर लुकलुक थांबली, पण लाइट लागून राहिली ती अजून तशीच आहे.

आधीची हकीकत अशी. पावसाळ्यात हीच लाइट लागली होती. तेव्हा सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन थरथरायचं, पाच मिनिटांनी ठीक व्हायचं. गॅरेजमध्ये चारही प्लग नवे टाकले, कोड पुसला आणि गाडी एकदम गुळगुळीत चालायला लागली. दोन-अडीच महिने काही नाही. आता पुन्हा तेच, शिवाय पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज पार उतरलंय.

स्कॅनर लावून घेतला. दोन कोड आले, कागदावर उतरवून आणलेत: पी ०३०३ आणि पी ०१३१. गॅरेजवाले म्हणतात ओटू (ऑक्सिजन) सेन्सर गेला, नऊ हजार होतील, तेवढ्याने भागलं नाही तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) बघू. दुसऱ्या एकाने कॉइल, म्हणजे प्लगला वीज देणारा भाग, सांगितली. दोघांनीही बोनेट नीट उघडून काही तपासलेलं मला दिसलं नाही.

गाडीला पंधरा वर्षं होत आली, नोंदणीचं नूतनीकरण करायचंय, त्याआधी पीयूसी हवी. मला एवढंच विचारायचंय की अशी गाडी रोज चालवू का, आणि पैसे घालण्याआधी आम्ही घरी काय तपासू शकतो? शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, पान्यांची पेटी आणि मल्टिमीटर त्यांच्याकडे आहे.

कराड_पन्नास

ताई, हा सगळा ई-ट्वेंटी पेट्रोलचा, त्या वीस टक्के एथेनॉलचा प्रताप आहे. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचं सगळ्यांचं हेच चाललंय. टाकी रिकामी करा, इंजेक्टर क्लीनर टाका, ओटू सेन्सर बदलून मोकळ्या व्हा. कोडच तसा आलाय म्हटल्यावर शंका कशाला?

कोरेगाव_वायरमन

ताई, नऊ हजार तूर्त कपाटातच ठेवा. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि असे चांगले ओटू सेन्सर काढून भंगारात टाकलेले बघितले की जीव तुटतो. सविस्तर लिहितो, काकांना वाचून दाखवा.

आधी लाइटचं. पिवळी लाइट स्थिर असेल तर ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, काहीतरी नोंदवून ठेवलंय, दोन दिवसांत सवडीने बघितलं तरी चालतं. लुकलुकायला लागली की अर्थ वेगळा. या घडीला एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातंय. ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली चिनी मातीची जाळी लालबुंद होते आणि असंच चालत राहिलं तर वितळून चोंदते. म्हणून लुकलुक दिसली की रेस कमी करायची, लोड कमी करायचा आणि जागा मिळाली की बाजूला थांबायचं. तुम्ही घाटात पाय हलका ठेवलात ते अगदी योग्य. दुरुस्ती होईपर्यंत सपाटीवर हळू चालवली तर साताऱ्यापर्यंत जाल, पण घाट आणि पुणे नको. अजून एक: अशी मिसिंग मारणारी गाडी रस्त्याकडेला उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की पाचट पेट घेऊ शकतं. आपल्या भागात हंगामात सगळीकडे पाचट पसरलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता कोड. पी ०३०३ म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर, त्यातलं पेट्रोल पेटत नाहीये. हे ईसीएमला कसं कळलं ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, दातेरी चाक असतं, त्याच्यासमोर सेन्सर. सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का बसतो, चाक क्षणभर वेग घेतं. तिसऱ्याच्या पाळीला तो धक्का आला नाही, असं पुन्हा पुन्हा झालं की तीन नंबरच्या नावावर कोड चढतो. म्हणजे ईसीएमने ना ठिणगी बघितली ना प्लग. त्याला फक्त कळलं की तिसऱ्याने काम केलं नाही. का केलं नाही, ते आपण शोधायचं: ठिणगी, पेट्रोल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

पी ०१३१ म्हणजे ओटू सेन्सरचं व्होल्टेज कमी. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. तिसरा सिलिंडर पेटला नाही की त्यातली हवा न वापरताच बाहेर पडते, ऑक्सिजन तसाच शिल्लक. सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, ‘ऑक्सिजन जास्त आहे.’ ईसीएम समजतो मिश्रण पातळ झालंय आणि पेट्रोल वाढवतो, चारही सिलिंडरना. तुमचा पेट्रोलचा वास तिथून येतो आणि ॲव्हरेजही तिथेच गेलं. बिचाऱ्या सेन्सरने आपलं काम चोख केलं आणि आपण त्यालाच काढायला निघालो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मिसफायर आणि ओटू असे दोन्ही कोड एकत्र आले की आधी मिसफायर मिटवायचा, मग ओटूचा कोड पुन्हा येतो का ते बघायचं. बहुतेक वेळा येत नाही.

कराडकर दादा, पेट्रोलबद्दल तुमचा राग समजतो. एथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, लिटरमागे ताकदही पेट्रोलपेक्षा कमी, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची काळजी घ्यायला हवी, हे सगळं मान्य. पण चारही सिलिंडर एकाच टाकीतलं पेट्रोल पितात. दोष पेट्रोलचा असता तर तक्रार चौघांनी केली असती, पी ०३०० (अनेक सिलिंडरचा मिसफायर) किंवा पी ०१७१ (मिश्रण पातळ) आला असता. इथे एकटा तिसरा रडतोय.

मग तिसऱ्याचं काय बिघडलं असेल? तुमच्या लक्षणांवरून माझा संशय ठिणगीवर आहे. कारण चढ. रेस दिली, थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते, जास्त दाबली जाते आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला व्होल्टेजही जास्त लागतं. रिकाम्या इंजिनला कमी व्होल्टेजमध्ये भागतं, घाटात वीस हजार आणि त्याच्याही वर जावं लागतं. तेवढ्या दाबाची वीज मग प्लगच्या गॅपमधून जाण्याऐवजी दुसरी सोपी वाट शोधते. वायरचं रबर चिरलेलं असेल, प्लगवरच्या रबरी कॅपमध्ये ओल असेल, तर तिकडून हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या लोखंडी-ॲल्युमिनियमच्या भागाला, मिळते. पावसाळ्यात सकाळी थरथर आणि इंजिन तापून ओल सुकली की ठीक, हेही त्याच्याशी जुळतं.

तपासणी घरी करण्यासारखी आहे. इंजिन पूर्ण गार असताना करा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरमागरम प्लग काढला तर आटे जातात.

तुमच्या वर्णनाची गाडी म्हणजे बहुधा एकच कॉइल पॅक आणि त्यातून निघणाऱ्या चार हायटेन्शन वायरी. अशा पॅकमध्ये आत दोनच कॉइल असतात: एक १ आणि ४ साठी, दुसरी २ आणि ३ साठी. एक कॉइल गेली की जोडीतले दोन्ही सिलिंडर कुरकुरतात. तुमचा एकटाच तिसरा आहे, दुसरा गप्प आहे, म्हणून कॉइलवर माझा संशय कमी. पण खात्री करायला पैसे लागत नाहीत. तिसऱ्याचा प्लग काढून पहिल्यात बसवा, पहिल्याचा तिसऱ्यात. दुसऱ्याशी अदलाबदल करू नका, कारण २ आणि ३ एकाच कॉइलवर आहेत, मग दोष प्लगचा की कॉइलचा ते कळायचं नाही. वायरी जागच्या जागी ठेवा, एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कोड पुसा आणि चढावर एक फेरी मारा. कोड पहिल्यावर गेला तर दोष प्लगचा. तिसऱ्यावरच राहिला तर वायर, कॉइल, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) किंवा कॉम्प्रेशन.

कोड पुसण्याआधी एक गोष्ट जरूर करा. स्कॅनरवर फ्रीझ फ्रेम असते, ती लिहून घ्या. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, गाडीचा वेग किती, पाणी किती गरम, सगळं तिथे नोंदलेलं असतं. बॅटरीची टर्मिनल काढून लाइट घालवणारे लोक हा पुरावाच पुसून टाकतात. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर तुमच्या गाडीशी बोलेलच असं नाही, हेही सांगून ठेवतो. बीएस-४ हे धूर-प्रदूषणाचं मानक एप्रिल २०१० मध्ये पुणे आणि सोलापूर धरून १३ शहरांतच सक्तीचं होतं, देशभर झालं ते एप्रिल २०१७ मध्ये. ओबीडी-२ चं, म्हणजे स्कॅनरशी ठरलेल्या एकाच पद्धतीने बोलण्याचं, बंधन एप्रिल २०१३ पासूनचं. त्या आधीच्या गाड्यांत सोळा पिनांचा सॉकेट असला तरी आतली भाषा कंपनीगणिक वेगळी निघते, मग गॅरेजचाच स्कॅनर लागतो.

प्लग काढण्याआधी तो ज्या खळग्यात बसतो तिथे टॉर्च मारून बघा. तेल दिसलं तर आधी फडक्याने टिपून घ्या, नाहीतर प्लग निघताच ते सिलिंडरमध्ये उतरतं. प्लगचं टोक बघा: विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पेट्रोलने ओलं असेल तर ठिणगी पडत नाहीये, कोरडी काजळी असेल तर मिश्रण दाट किंवा ठिणगी कमजोर, काळं तेलकट असेल तर इंजिनचं तेल आत येतंय, पांढरंफेक असेल तर मिश्रण पातळ. तिसरा आणि बाकीचे शेजारी शेजारी ठेवून बघा.

वायरींचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर घ्या. आकडा हजारांत येईल, लांब वायरीचा जास्त, आखूड वायरीचा कमी. एखादीचा बाकीच्यांच्या मानाने फारच जास्त आला किंवा आलाच नाही तर ती गेली. पण आकडा बरोबर आला म्हणून वायर चांगली असं समजू नका. मल्टिमीटर आतली तार तपासतो, वरच्या रबराची गळती त्याला दिसत नाही. त्यासाठी अंधार पडल्यावर गाडी चालू ठेवून बोनेट उघडा आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन वायरींवर हलका फवारा मारा. गळती असेल तिथे निळी ठिणगी दिसते, टिक-टिक आवाज येतो. ओढणी, पदर, बाह्या आवरून, पंख्यापासून लांब. वायरीला हात लावायचा नाही, आणि कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांनी तिथे उभं राहायचं नाही.

चालू इंजिनची प्लगवायर उपटून ‘बघू कुठला सिलिंडर बंद आहे’ ही पद्धत मात्र सोडा. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली सवय आहे ती. कॉइलची वीज जायला वाट नसली की ती स्वतःच्याच इन्शुलेशनमधून फुटते, शिवाय आपल्याला झटका बसतो तो वेगळाच. सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर इंजेक्टरचा कपलर (वायरचा जोड) काढा.

कृष्णाकाठ_वाई

खूप खूप धन्यवाद. इतकं समजावून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. काका आणि मी मिळून केलं, आता निकाल सांगते.

कॉइल पॅक तुम्ही म्हणालात तसाच आहे, चार वायरींचा. वायरींचे आकडे चारही लांबीप्रमाणे चढत्या क्रमाने आले, काका म्हणाले ठीक आहेत. फवारा मारला तेव्हा वर कुठे ठिणगी दिसली नाही, पण तिसऱ्याच्या बाजूने बारीक टिक-टिक मला तरी ऐकू आली. तिसऱ्याच्या खळग्यात तेल होतं, बोटभर नाही पण प्लगचा खालचा भाग बुडेल एवढं. बाकी तीन कोरडे. प्लगचं टोक काळं आणि पेट्रोलने ओलं.

तेल टिपून तिसऱ्याचा प्लग पहिल्यात, पहिल्याचा तिसऱ्यात बसवला. कोड पुसून पसरणीचा घाट चढलो. वर हॅरिसन फॉलीच्या पठारापर्यंत जायची गरजच पडली नाही, अर्ध्यातच झटके आणि लुकलुक सुरू झाली, तिथून वळून आलो. आता कोड आलेत पी ०३०१ आणि पी ०३०३. दोन्ही! एक गेला असता तर प्लग, राहिला असता तर वायर, असं तुम्ही म्हणालात. इथे तर तिसऱ्याचा राहिलाच आणि पहिल्याचा वाढला. काकाही बुचकळ्यात पडलेत.

कराड_पन्नास

आता तरी पटलं का? १ आणि ३ वेगवेगळ्या कॉइलवर, दोन्ही खराब, म्हणजे अख्खा कॉइल पॅक गेला. नवा टाका.

कोरेगाव_वायरमन

थांबा दादा, थांबा ताई. कॉइल पॅक मागवू नका. हा निकाल फार चांगला आलाय, याच्याइतका बोलका निकाल क्वचित मिळतो.

अख्खा पॅक गेला असता तर १ बरोबर ४ ने आणि ३ बरोबर २ ने कुरकुर केली असती. ते दोघे शांत आहेत. शिवाय पहिला सिलिंडर आजवर कधी बिघडला नव्हता, तिसऱ्याचा प्लग त्यात गेल्यावरच बिघडला. म्हणजे तो प्लग दोषी आहे. आणि पहिल्याचा चांगला प्लग तिसऱ्यात बसवूनही तिसरा सुधारला नाही. म्हणजे तिसऱ्याच्या जागेवरही दोष आहे. दोष दोन आहेत, पण एकाच्या पोटातून दुसरा जन्माला आलेला.

तिसऱ्यातून निघालेला प्लग आता पहिल्यात आहे, तो काढा. टोकाकडे बघू नका, वरचं पांढरं पोर्सिलेन बघा. कापडाने पुसून उन्हात धरा आणि हळूहळू फिरवा. वरच्या टोपणापासून खाली षटकोनी लोखंडापर्यंत केसाएवढी काळी रेघ दिसेल, पेन्सिलने ओढल्यासारखी. नखाने खरवडली तरी जाणार नाही. ती कार्बनची वाट आहे. वीज गॅपमध्ये न जाता पोर्सिलेनच्या बाहेरून सरपटत खाली लोखंडाला मिळते, जाताना जाळत जाते आणि जळलेल्या कार्बनमधून पुढच्या वेळी तिला जाणं आणखी सोपं होतं.

मग तिसऱ्या वायरची प्लग कॅप घ्या, आत टॉर्च मारा. प्लगवरच्या रेघेची जुळी रेघ कॅपच्या रबरात आतून दिसेल. करडी किंवा काळी, कधी बारीक भोकासारखी. कॅप बोटाने दाबून बघा, बाकीच्या तिघींपेक्षा मऊ आणि फुगलेली लागेल. तेलाने रबर असंच होतं.

आता पावसाळ्यापासूनचं सगळं जुळतं बघा. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरखाली प्लगच्या खळग्यांभोवती रबरी सील असतात. पंधरा वर्षांत ते कडक होऊन चिरतात, तिसऱ्याचा आधी गेला. तेल खळग्यात झिरपलं, कॅप मऊ पडली, ओल आणि तेल मिळून वीज पोर्सिलेनवरून सरकायला लागली. गॅरेजने प्लग बदलले, नव्या गुळगुळीत पोर्सिलेनवर वाट नव्हती, म्हणून गाडी सुधारली. पण कॅपमधली रेघ तशीच राहिली आणि तेलाची गळतीही चालूच. कॅपमधल्या रेघेने दोन-अडीच महिन्यांत नव्या प्लगवर नवी रेघ ओढली. अदलाबदलीत तो रेघवाला प्लग पहिल्याच्या चांगल्या कॅपमध्ये गेला आणि तिथे फुटायला लागला, आणि चांगला प्लग रेघवाल्या कॅपमध्ये येऊन बिघडला. म्हणून दोन्ही कोड. वायरींचे आकडे बरोबर आले कारण आतली तार शाबूत आहे, फुटलंय ते वरचं रबर. टिक-टिक ऐकू आली पण ठिणगी दिसली नाही, कारण ती खळग्याच्या आत उडत होती.

ही रेघ सापडली तर असं करा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि खळग्यांचे चारही सील एकदमच बदला, कव्हर एकदा उघडल्यावर एकच सील बदलण्यात अर्थ नाही. वायरींचा पूर्ण सेट नवा. बाकीच्या तिघींचं वयही तेवढंच आहे. प्लग १ आणि ३ नवे घाला, कारण पहिल्याचा प्लग तिसऱ्याच्या कॅपमध्ये घाट चढून आलाय, त्यावरही रेघेची सुरुवात झाली असेल. २ आणि ४ चे राहू देत. नव्या प्लगांचा गॅप गाडीच्या पुस्तकात दिलेला असेल तेवढाच ठेवा. पहिल्याच्या जुन्या कॅपमध्येही रेघ उठली असेल, पण वायरी बदलताय म्हटल्यावर ती जाणारच.

खळगे हवेने फुंकून, पुसून पूर्ण कोरडे करा. प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवत न्या, आटे नीट धरलेत ना ते बोटांना कळतं. मग पान्याने नव्या वॉशरच्या प्लगला अर्धा फेरा किंवा जरासा जास्त, बस्स. कॅपच्या तोंडाशी आतून डाय-इलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. वायर काढताना कॅपला धरून ओढायची, वायरीला धरून कधीच नाही.

कृष्णाकाठ_वाई

रेघ सापडली!! प्लगवर अगदी पेन्सिलची वाटावी अशी, आणि कॅपच्या आत तिचीच जुळी. काकांनी मला भिंग आणायला लावलं. म्हणाले, वर्कशॉपमध्ये सगळं आयुष्य डिझेलवर गेलं, हे पहिल्यांदा पाहतोय.

साताऱ्यात पोवई नाक्याकडून वायरींचा सेट, पॅकिंग, सील आणि दोन प्लग आणले, काम घरीच केलं. सगळं मिळून ओटू सेन्सरच्या निम्म्यातही नाही. पसरणी घाट तिसऱ्या गिअरमध्ये पाचगणीपर्यंत, एक झटका नाही. कोड पुसल्यावर ना ०३०३ आला, ना ०१३१. पेट्रोलचा वास थांबलाय. पीयूसी झाली, हायड्रोकार्बनचा आकडा मर्यादेच्या बराच खाली आहे. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला आरटीओत जाते.

सांगली_गावभाग

वायरमनसाहेब, धागा वाचून माझंही विचारतो. गाडी २००८ ची पेट्रोल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा दोन दिवस सीटच्या खालपर्यंत पाण्यात होती. तेव्हा सगळं धुऊन, सुकवून चालू केली आणि बरी चालली. आता उन्हाळ्यात मिरजेला जाऊन येताना सिग्नलला थांबलं की अचानक बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण धरत नाही. अर्धा तास थांबलं की एका सेल्फमध्ये चालू. चेक लाइट कधी लागते कधी नाही. इथे प्लग, वायरी, पेट्रोल पंप सगळं बदलून झालं. एअरबॅगची लाइट पण कायम लागलेली आहे.

कोरेगाव_वायरमन

दादा, गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, म्हणजे पहिला संशय क्रँक सेन्सरवर. आत बारीक तारेची गुंडाळी असते, तापली की कुठेतरी तुटते, गार झाली की पुन्हा जुळते. त्याच्याकडून सिग्नल मिळाला नाही की ईसीएम ना ठिणगी देतो ना पेट्रोल.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच दोन गोष्टी बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरातरी हलतो का? स्कॅनर असेल तर लाइव्ह डेटात आरपीएम वाचा. इंजिन फिरत असताना शून्य दाखवत असेल तर सिग्नल येत नाहीये. दुसरं, सेन्सरपर्यंत हात जात असेल तर त्यावर गार ओलं फडकं ठेवा. दोन-तीन मिनिटांत गाडी चालू झाली तर चोर सापडला. हात घालताना सायलेन्सरचा पाइप सांभाळा. कोड असेल तर पी ०३३५ असायला हवा. लाइट कधी लागते कधी नाही, तरी कोड आत साठलेला असतो. सलग तीन फेऱ्या दोष दिसला नाही की लाइट आपोआप विझते, पण नोंद त्यानंतरही बराच काळ राहते, म्हणून लाइट नसतानाही स्कॅनर लावा.

पण तुमची गाडी पुरात होती, म्हणून सेन्सर विकत आणण्याआधी त्याचा कपलर उघडा. आत हिरवट पांढरी बुरशी दिसली तर दोष सेन्सरचा नसून पिनांचा असू शकतो. पुराचं पाणी वायरीच्या तारांमधून वातीसारखं आत ओढलं जातं, वरून रबर चांगलं दिसतं आणि आत तांबं हिरवं होऊन तुटत असतं. कपलरपासून मागे वीतभर वायर चाचपून बघा, कुठे कडक किंवा भुसभुशीत लागली तर तेवढी कापून चांगली तांब्याची वायर जोडा, सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा. नुसत्या पिळून टेप मारलेल्या जोडावर क्रँक सेन्सर चालत नाही.

सेन्सर दोन वायरींचा असेल तर गार असताना आणि बंद पडल्यावर लगेच असा दोनदा रेझिस्टन्स घ्या. गार असताना आकडा आणि गरम असताना काहीच नाही, तर सेन्सर बदला. तीन वायरींचा असेल तर तो बहुधा वेगळ्या तत्त्वावर चालतो, तिथे रेझिस्टन्स घेऊन उपयोग नाही. त्याला व्होल्टेज आणि अर्थिंग पोचतंय का ते बघायचं. काढलाच तर टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसून घ्या.

इंजिनची आणि बॉडीची अर्थिंगची पट्टी दोन्ही टोकांना सोडवून घासून घट्ट करा. पुरातल्या गाडीचं निम्मं दुखणं तिथे असतं. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत मल्टिमीटर लावा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर पट्टी खराब.

एअरबॅगच्या वायरींना मात्र हात लावू नका. पिवळे कपलर सीटखाली आणि स्टिअरिंगखाली असतात, त्यात टेस्टर किंवा मल्टिमीटरची पिन घालायची नाही, तेवढ्याशा करंटनेही बॅग फुटू शकते. ते काम एअरबॅगचा स्कॅनर असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आणि ते होईपर्यंत अपघातात बॅग उघडणार नाही असं धरून चाला, पुढच्या सीटवर बसणाऱ्यांना बेल्ट लावायला सांगा.

सेन्सर दोन वायरींचा आहे की तीन, तेवढं बघून कळवा. कपलरचा फोटो टाकलात तर आणखी बरं.